नाताळचं ताट

सोलापुरात नाताळला पुडिंग करत नाहीत. निदान मराठी ख्रिस्ती घरांत तरी मी ते कधी पाहिलेलं नाही, आणि माझी साठी उलटून गेली आहे. आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत मात्र वेगळी असते. इंग्रजी सिनेमांत पाहिलेलं असतं, की काळंभोर, घुमटासारखं काहीतरी ताटलीतून येतं, वर हिरवी डहाळी खोचलेली असते आणि त्यावर ब्रँडी ओतून ते पेटवतात. पंचवीस डिसेंबरला आमच्याकडे पहिल्यांदाच आलेला माणूस मनात तसलं काही धरून बसतो. मग त्याच्यापुढे ताट येतं. करंज्या, शंकरपाळी, अनारसे, रव्याचे लाडू, चकली, पातळ पोह्यांचा चिवडा आणि कडेला केकचा एक तुकडा. तो म्हणतो, ‘अरे, हे तर आमच्या दिवाळीचंच!’

यावर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर असं, की धर्म बदलला, पण संस्कृती बदलली नाही. आजी-पणजी करत होत्या तेच आम्ही करतो. उत्तर गोड आहे, पाहुण्यालाही बरं वाटतं. पण करंजीच्या बाबतीत ते पुरतं खरं नाही. पुडिंग आमच्यापर्यंत का आलं नाही आणि करंजी कुठून आली, या दोन्ही गोष्टींना इतिहास आहे, आणि तो बराचसा भुकेचा इतिहास आहे.

आधी पुडिंगचं पाहू. इंग्लंडात याचा मूळ पुरुष म्हणजे ‘फ्रुमेंटी’ नावाचा पदार्थ. सडलेले, भरडलेले गहू दुधात नाहीतर मांसाच्या रश्श्यात शिजवायचे, वर मसाला घालायचा. म्हणजे काय, आपली गव्हाची खीर. सोलापूरच्या लिंगायत घरांत खपली गहू कांडून, गूळ, खसखस, सुकं खोबरं, वेलदोडा, जायफळ घालून जी हुग्गी करतात, तिची ही लांबची बहीण म्हणायला हरकत नाही. पुढे या खिरीत मनुका, मांस, मसाले घालून दाट कढण होऊ लागलं. सतराव्या शतकात कापडात पुरचुंडी बांधून पदार्थ उकळण्याची पद्धत रूढ झाली, कढणाचा गोळा झाला आणि हळूहळू त्यातलं मांस गळालं. राहिली फक्त गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. ‘प्लम पुडिंग’मध्ये प्लम नावाचं फळ नसतंच, जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लम म्हणत. 1843 साली डिकन्सनं नाताळची गोष्ट लिहिली आणि तिच्यातल्या गरीब कुटुंबाच्या मेजावर हे पुडिंग ठेवलं. दोनच वर्षांनी एलायझा ॲक्टन या बाईनं आपल्या पाकपुस्तकात ‘ख्रिसमस पुडिंग’ याच नावानं कृती छापली. म्हणजे ज्याला आपण अनादि काळापासूनची प्रथा समजतो, ते पुडिंग या रूपात आणि या नावानं आपल्या पहिल्या आगगाडीपेक्षा फार तर दहा-पंधरा वर्षांनी मोठं.

सोलापूर 1818 मध्ये इंग्रजांकडे आलं. छावणी पडली, कलेक्टर आले, 1860 मध्ये रेल्वे आली. त्यामुळे साहेबांच्या बंगल्यांत पुडिंग शिजत असणारच. माझ्या आजीचे एक मामा अशाच एका बंगल्यावर स्वयंपाकी होते. त्यांनी सांगितलेलं आजी आम्हाला सांगायची, की नाताळच्या महिनाभर आधीच ते करून ठेवायचे आणि सणाच्या दिवशी पुन्हा उकडायचे. आठ-आठ तास चूल पेटती. ‘येवढ्या कोळशात आपला महिना निघतोय की,’ असं मामा म्हणायचे म्हणे. ते घरी कधी त्याच्या वाटेला गेले नाहीत. घरी त्यांनी आणलं ते दुसरंच पुडिंग. डब्याच्या तळाशी साखर जाळायची, वर दूध-अंड्याचं मिश्रण ओतायचं आणि झाकण लावून उकडायचं. आजही आमच्याकडे ‘पुडिंग’ म्हटलं की हेच. पण ते पाहुणे आल्यावर करायचं, नाताळचं नाही.

पण आम्हाला ख्रिस्ती केलं ते कलेक्टरांनी नव्हे. ते काम अमेरिकन मराठी मिशनचं. या मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 मध्ये अहमदनगरला ठाणं झालं आणि 1860 च्या दशकात सोलापूरला. ही मंडळी न्यू इंग्लंडची, प्युरिटन वळणाची. आणि इथे एक गंमत आहे, जी मला फार उशिरा वाचायला मिळाली. या लोकांच्या पूर्वजांना नाताळ हा सणच मान्य नव्हता. बायबलात पंचवीस डिसेंबर कुठे दिलेला नाही, दारू पिऊन धिंगाणा घालायचा हा बहाणा आहे, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडच्या पार्लमेंटनं 1647 मध्ये नाताळवर बंदी घातली. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली कायदा झाला, की जो कोणी त्या दिवशी काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून सण पाळेल त्याला पाच शिलिंग दंड. कायदा 1681 मध्ये रद्द झाला, पण मनातून गेला नाही. नाताळची अधिकृत सुट्टी त्या राज्यात लागली 1856 साली, म्हणजे हॉल आणि नॉट मुंबईत उतरल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

तेव्हा आमच्याकडे धर्म घेऊन आलेल्या पहिल्या लोकांजवळ नाताळचं असं खास खाणं नव्हतंच. पुढच्या पिढीतल्या मिशनऱ्यांनी नाताळ साजरा केला, मुलांना भेटी दिल्या, झाड सजवलं. पण ब्रँडी घातलेलं पुडिंग दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या बंगल्यात कुठून येणार? सणाला नाव मिळालं तेही तिसऱ्यांकडून. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज, पाव आणि बटाट्याच्या गलबतातून आलेला. अमेरिकन लोकांनी शिकवलेला धर्म, पोर्तुगीज नावाचा सण आणि मधोमध रिकामं ताट. ते कुणी भरलं?

बायकांनी भरलं, हे उघडच आहे. पण कुठल्या बायकांनी?

सोलापूर-नगरकडच्या मिशनच्या मंडळ्यांत काही थोडी ब्राह्मण घराणी होती. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे, की सोवळं सुटायला लक्ष्मीबाईंना किती दिवस आणि किती रडणं लागलं. अशा बाईच्या हातात फराळ होताच. तो दिवाळीतून उचलून नाताळात ठेवला की झालं. ‘संस्कृती बदलली नाही’ हे उत्तर त्यांच्यापुरतं खरं आहे. पण मंडळीतली बहुसंख्य माणसं महार आणि मांग समाजातली होती. त्यांच्या घरी दिवाळीला करंजी होती का?

करंजीला काय लागतं ते बघा. रवा नाहीतर मैदा, पिठीसाखर, सुकं खोबरं, खसखस, वेलची. कोकणासारखा ओला नारळ आमच्याकडे नाही, त्यामुळे सारण सुक्या खोबऱ्याचं, आणि तेही विकतचं. या सगळ्यापेक्षा महाग गोष्ट म्हणजे कढईभर तेल. ज्या घरात फोडणीला करडईचं तेल चमच्यानं मोजून घालत, त्या घरात तळण होत नाही. गावकुसाबाहेर सण म्हणजे फार तर गुळवणी, एखादी पोळी. बाकी फराळ पोचायचा तो दुसऱ्याच्या घरून. बलुत्यात सणाचं वाढण हा महाराचा ‘हक्क’ धरला जायचा. बाईनं पाटी घेऊन वाड्यासमोर उभं राहायचं, ‘वाढा वं माय’ म्हणायचं, आणि घरोघरची भाकरी, भात, आमटी, मोडकी करंजी एकाच पाटीत एकावर एक पडायची. आजीनं हे स्वतः केलेलं नव्हतं. तिच्या आजीनं केलेलं होतं. करंजीची आमच्या घराण्यातली पहिली आठवण म्हणजे आमटीत भिजलेली करंजी.

1876 ते 1878 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी खाली आणली, दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध अर्ज केले. त्यातून सावरतोय तोवर 1899-1900 चा दुष्काळ आला. आईबाप मेलेली, टाकून दिलेली, रस्त्यावर सापडलेली मुलं मिशनांच्या अनाथालयांत आणि बोर्डिंगांत आली. त्यांतली एक माझी पणजी. आपलं वय तिला माहीत नव्हतं. आईकडून काय शिकलीस, असं तिला विचारण्यात अर्थच नव्हता; आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. ‘परंपरेनं चालत आलेला फराळ’ हे शब्द मी जेव्हा जेव्हा ऐकते, तेव्हा मला ती पोर दिसते. तिच्यापाशी परंपरेनं चालत आलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे भूक.

बोर्डिंगात जेवायला ज्वारीची भाकरी आणि डाळ. नाताळला गूळभात. करंजी ती शिकली मेट्रनबाईंकडून. या बाई मूळच्या ब्राह्मण, बालविधवा, घरानं काढलेल्या. अनारशाचं त्यांना वेड होतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सुकवून कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापून मंद तुपात सोडायचा, आणि तो हसला नाही पाहिजे, म्हणजे तुपात विरघळून पसरला नाही पाहिजे. ज्या बाईला तिच्या घरात विधवा म्हणून सणाच्या ताटाजवळ येऊ दिलं नसतं, तिनं ज्या पोरीला वाड्यात शिरू दिलं नसतं तिला अनारसे शिकवले. पणजी म्हणायची, ‘बाईंचा हात माझ्या हातावर होता.’ अनारसा थापताना. यापलीकडे ती काही सांगत नसे.

म्हणून मला वाटतं, आमच्या नाताळच्या फराळात जपणूक कमी आणि दावा जास्त आहे. जे पाटीत तुकड्यांनी पडायचं, ते आता आपल्या कढईत, आपल्या तेलात, अख्खं. आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे ते आपल्या घरून दुसऱ्याच्या घरी पाठवणं.

गोव्यात याहून जुना पण थोडा वेगळा प्रकार घडला. तिथे इन्क्विझिशननं 1736 च्या फर्मानात नवख्रिस्ती लोकांनी काय-काय करायचं नाही याची यादी दिली, त्यात भात हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवायचा नाही, असंही एक कलम होतं. दारातली तुळस गेली, पण चतुर्थीची नेवरी राहिली आणि तिनं नाताळात जागा धरली. धर्माधिकाऱ्यांना मिठाची काळजी होती, करंजीकडे त्यांचं लक्ष गेलं नसावं. गोव्याच्या बाबतीत मात्र ‘जपणूक’ हा शब्द मी बिनदिक्कत वापरीन.

1927 साल आमच्या विषयाच्या दृष्टीनं विचित्र आहे. त्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागून खाणं सोडा. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये साम्राज्याच्या मालाची जाहिरात करणाऱ्या सरकारी मंडळानं राजा पाचवा जॉर्ज यांच्या आचाऱ्याची पुडिंगची कृती प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक जिन्नस साम्राज्याच्या कुठल्यातरी मुलखातून यायचा होता. मनुका ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या, दालचिनी सिलोनची, लवंग झांजिबारची, रम जमैकाची. हिंदुस्थानच्या वाट्याला आला चिमूटभर मसाला. साम्राज्याचं ताट असं भरत होतं. आमच्याकडे तेव्हा पणजीचं लग्न होऊन ती गिरणीच्या चाळीत राहायला आली होती, आणि तिचं ताट दारोदार जायला लागलं होतं.

ताट पाठवण्याचे नियम आईनं मला शिकवले, तिला आजीनं. ताट पितळेचं, घासून लखलखीत. वर क्रोशाचा रुमाल, कारण क्रोशा हे बोर्डिंगच्या मुलींचं प्रमाणपत्रच होतं. करंज्या मोडक्या ठेवायच्या नाहीत, एकसुद्धा. ज्या घरी अंडं चालत नाही, त्या ताटात केक ठेवायचा नाही, आणि ते ताट आधी भरायचं, म्हणजे केकचा हात लागायला नको. ताट नेणारीनं दारात उभं राहायचं, पण हाक मारायची ती नावानं, ‘काकू, नाताळचं ताट आणलंय.’ मागून आणलेल्या पाटीचं उलटं रूप होतं ते. आजीला ते माहीत होतं, आम्हा पोरींना नव्हतं.

सगळे घेत होते का? घेत सगळेच. खाणं वेगळं. पद्मशाली शेजारीण तिथेच करंजी मोडून तोंडात टाकायची, आणि संक्रांतीला तिच्याकडून सकिनालूंचा डबा यायचा. पलीकडच्या मुसलमान घरून ईदला शीरखुर्मा यायचा, तो बहुतेक आमच्याच वाडग्यात, कारण वाडगं त्यांच्याकडे राहिलेलं असायचं. लिंगायत काकूंकडून शेंगाची पोळी. आणि एका घरी आम्ही सलग सात-आठ वर्षं ताट दिलं, त्यांनी हसून घेतलं, रुमालाचं कौतुक केलं. एकदा दुपारी त्यांच्या मागच्या दारावरून जाताना मी पाहिलं, की भांडी घासणारी बाई पायरीवर बसून आमचे अनारसे खात होती. ताट तिच्या पुढ्यात होतं तसंच, एक करंजीही हललेली नव्हती. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘खातंय की माणूस. वाया गेलं नाही.’ पुढच्या वर्षी तिनं त्या घरी ताट पाठवलं आणि एक वेगळं ताट त्या बाईच्या झोपडीवर पाठवलं, रुमालासकट.

आता ही अडचण बाजारानं सोडवली आहे. डिसेंबरात सोलापूरच्या बेकऱ्यांत प्लम केकची खोकी लागतात, बिनअंड्याचीसुद्धा. खोकं कुणाच्याही हातून घेता येतं. त्याला कुणाच्या चुलीचा वास नसतो, कुणाचा हात लागलेला नसतो, निदान दिसत तरी नाही. माझ्या भाच्यासुना खोकीच वाटतात, आणि नोकरी सांभाळून अनारसे करा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तरी मला ती खोकी आवडत नाहीत. घरचा पदार्थ घेणाऱ्याला दरवेळी काहीतरी ठरवावं लागायचं. खोक्यानं ते ठरवणंच काढून टाकलं.

बेकरीशी आमचं जुनं नातं होतं ते वेगळं. घरात भट्टी नव्हती तेव्हा रवा, मैदा, तूप, साखर, अंडी घेऊन आम्ही बेकरीत जायचो. पीठ तिथेच फेटायचं, पत्र्याच्या साच्यावर ओळखीसाठी आपलं नाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी ठेवायची आणि भाजणावळ देऊन रात्री उशिरापर्यंत थांबायचं. दिवाळीआधी त्याच भट्टीवर हिंदू बायका नानकटाईची पिठं घेऊन रांगेत असत. ज्या घरी बेकरीची भाजणावळ जड, तिथे पातेल्यात वाळू, आत डबा आणि झाकणावर निखारे. खालून शिजतो, वरून भाजतो. मधला भाग नेहमी थोडा ओला. तो ओला केक मला अजूनही बेकरीतल्यापेक्षा बरा वाटतो.

एक गोष्ट मात्र आमच्या काळात बदलली आणि तिचा मला आनंद आहे. आजीच्या लहानपणी केकमधला बेदाणा काबुली मेव्यातला, दिवाळीच्या खणाइतका महाग. सारणात मोजून घालायचे, करंजीला दोन. आज पुडिंगचा जो प्राण, तो सोलापूरच्याच मातीत पिकतो. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी थॉम्सन सीडलेस द्राक्षातून ‘सोनाका’ हे लांब मण्याचं वाण काढलं, आणि नान्नजपासून पंढरपूर-कासेगावपर्यंत बागा पसरल्या. फेब्रुवारी-मार्चपासून घड तोडायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवायचे, सावलीच्या जाळीखाली रॅकवर दोनेक आठवडे पसरायचे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. बाजार समितीत सौदे होतात, माल शीतगृहात जातो आणि डिसेंबरात आमच्या हातात पडतो, हिरवट-सोनेरी. बागांत तोडणीला, रॅकवर निवडायला ज्या बायका असतात त्यांत आमच्या मंडळीतल्याही आहेत. त्या मजुरीबरोबर पिशवीभर घेऊन येतात.

म्हणजे हवं तर आता इथे पुडिंग करता येईल. बेदाणा आहे, खपली गहू आहे, चरबीच्या जागी तूप चालेल, आणि पुरणाचे दिंड उकडणाऱ्या मुलखाला कापडात गोळा बांधून वाफवणं काही अवघड नाही. माझी नात मागच्या वर्षी मोबाइलवर कृती घेऊन बसली होती. ‘आजी, आपण करूया की.’ मी म्हटलं, कर. तिनं केलं. चांगलं झालं होतं, थोडं जड. मग ताटं भरायची वेळ आली तेव्हा तिनं विचारलं, हे ताटात ठेवायचं का. त्याचे काप करून आम्ही केकच्या जागी ठेवले, बिनअंड्याच्या ताटात ठेवले नाहीत.

यंदाचे तांदूळ एकोणीस तारखेला भिजत घालायचे आहेत. सकिनालूवाल्या घरात आता तिसरी पिढी आहे. त्यांच्या सुनेनं निरोप पाठवलाय, की अनारसे जास्त ठेवा, केक नको.